लुंगा बेटाची पफिन-सहल : दोन तास कसे वापराल, त्यावर सगळं अवलंबून

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगत मल नावाचं मोठं बेट आहे. त्याच्याही पश्चिमेला, उघड्या अटलांटिकच्या तोंडावर, ट्रेशनिश बेटांची विस्कटलेली माळ पडली आहे. त्यातलं सगळ्यात मोठं बेट लुंगा. मोठं म्हणजे ८१ हेक्टर, आणि माथा १०३ मीटर. १९व्या शतकात इथली वस्ती उठली. घरांच्या दगडी भिंती तेवढ्या गवतात उभ्या आहेत. २०२२ पासून ही बेटं नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहेत. आता उन्हाळ्यात इथे राज्य पक्ष्यांचं असतं, त्यातही पफिन या रंगीत चोचीच्या समुद्रपक्ष्याचं, आणि माणूस दोन तासांचा पाहुणा.

हे परीक्षण त्या दोन तासांच्या सहलीचं आहे. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा तारा कापला तो वेळेपायी. लुंगाला निदान तीन तास हवेत, पण वेळापत्रकात ते बसत नाहीत. बाकी पैसे पुरेपूर वसूल होतात, मात्र एका अटीवर : चढ संपल्यावर जो पहिला पफिन दिसेल त्याच्यापाशीच बसकण मारायची नाही. बहुतेक लोक तेच करतात आणि बेटाचा उत्तम भाग न पाहताच बोटीत परत येतात.

आधी तिकिटाविषयी, कारण घोळ तिथेच होतो. मलच्या पश्चिमेला अल्वा फेरी नावाचा छोटा धक्का आहे. तिथून ‘टुरस मारा’ ही जुनी कौटुंबिक बोटसेवा चालते. मलवरच्याच फिनफोर्ट आणि टोबरमोरी या गावांकडून ‘स्टाफा टूर्स’च्या बोटी सुटतात. दोघांकडेही एकाहून अधिक सहली आहेत. स्टाफा हे जवळचंच, फिंगलच्या गुहेसाठी प्रसिद्ध बेट. नुसतं ‘स्टाफा’ लिहिलेल्या सहलीत लुंगा नसतं. तुम्हाला हवी असते ती ‘स्टाफा आणि ट्रेशनिश’ अशी जोडसहल. तिला धक्क्यापासून धक्क्यापर्यंत पाच-सहा तास लागतात, त्यातले साधारण दोन तास लुंगावर आणि एक तास स्टाफावर. नुसत्या स्टाफाच्या सहलीपेक्षा ती बरीच महाग पडते. दर ऋतूगणिक बदलतात, म्हणून आकडा त्यांच्या संकेतस्थळावरच पाहावा. फरकाचे पैसे द्यावेत का, याचं उत्तर पुढे स्टाफाच्या परिच्छेदात आहे आणि ते सरसकट ‘हो’ नाही.

लुंगाला धक्का नाही. उतरण्याची रीत अशी : बेटाजवळ एक तरंगता तराफा नांगरून ठेवलेला असतो. बोट त्याला जाऊन भिडते, त्याला पुढे ढकलत किनाऱ्याला टेकवते आणि प्रवासी तराफ्यावरून चालत खडकांवर उतरतात. तराफा हलत असतो. पाऊल केव्हा टाकायचं ते खलाशी सांगतो आणि तो सांगेल तेव्हाच टाकायचं. हात मोकळे ठेवा. कॅमेरा गळ्यात लोंबकळत ठेवू नका, पाठपिशवीत टाका. पुढे वाटोळ्या दगडगोट्यांचा रुंद पट्टा लागतो. कलिंगडाएवढे, काही त्याहून मोठे धोंडे, आणि ओहोटी असेल तर खालच्या अर्ध्या भागावर ओलं शेवाळ. सहलीत पाय मुरगळण्याची खरी जागा हीच, वरचा कडा नव्हे. घोटा धरून ठेवणारे, जाड तळाचे बूटच हवेत. साधे खेळाचे बूट कोरड्या दगडावर चालून जातात, पण शेवाळावर घसरतात. एरवी चालताना काठी न वापरणाऱ्यांनीही इथे एक काठी जवळ ठेवावी. तिचा उपयोग या पट्ट्यापुरताच. वर पोचल्यावर ती घडी करून पिशवीत टाका, कारण वरच्या जमिनीत काठी खुपसायची नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

दगडांनंतर छोटा पण उभा चढ आहे. मातीची पायवाट, पाऊस पडून गेला असेल तर निसरडी. सावकाश चढलात तरी दहा मिनिटांत वरच्या सपाटीवर पोचता. बेटावर संडास नाही, पिण्याचं पाणी नाही, आडोसा नाही. बोटीवर स्वच्छतागृह असतं, ते उतरण्याआधी वापरून घ्या. जूनमध्येही हवा १२ ते १६ अंशांची असते आणि वारा ती आणखी गार करतो. छत्री निरुपयोगी आहे. पाणी न झिरपणारं जाकीट आणि तशीच विजार हवी. विजार विसरलात तर परतीच्या वाटेवर तुषारांनी मांड्या भिजतात आणि तासभर कुडकुडत बसावं लागतं. वाऱ्यामुळे मलवरची मिज नावाची चावरी चिलटं इथे फारसा त्रास देत नाहीत, एवढा एक दिलासा.

बोट लागते त्यांनी सिनारिझिनची गोळी डॉक्टरांना किंवा औषधवाल्याला विचारून निघण्याच्या दोन तास आधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग नसतो. बसायला बोटीचा मागचा भाग निवडावा, नजर क्षितिजावर ठेवावी आणि मोबाइलच्या पडद्यात डोकं घालू नये. मलच्या आडोशातून बाहेर पडलं की पश्चिमेची लांब लाट सुरू होते. वारा थांबला तरी ती थांबतेच असं नाही, कारण तिचा उगम दूर अटलांटिकमध्ये असतो. म्हणूनच धक्क्यावर लख्ख ऊन असतानाही ‘आज लुंगावर उतरता येणार नाही’ असं ऐकायला मिळू शकतं. हा निर्णय बोटीच्या कप्तानाचा असतो आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तराफा खालीवर अर्धा मीटर हिंदकळत असेल तर पन्नास माणसं सुखरूप उतरवता येतील, पण दोन तासांनी लाट वाढल्यावर तीच माणसं परत चढवता येतीलच असं नाही. सगळा हिशेब त्या परतीचा असतो.

आता तारखा. पफिन एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात समुद्रावरून परत येऊ लागतात. एप्रिलमध्ये त्यांचा भरवसा नसतो. आज उतार गजबजलेला आणि उद्या एकही पक्षी नाही, असं होतं, कारण अंडं घातलेलं नसल्याने जमिनीवर थांबण्याची सक्ती नसते. एप्रिलच्या शेवटी आणि मेमध्ये प्रत्येक जोडी एकच अंडं घालते आणि साधारण सहा आठवडे उबवते. या काळात एक पक्षी बिळात आणि दुसरा समुद्रावर, त्यामुळे दुपारी संख्या कमी वाटू शकते. जूनच्या मध्यापासून पिलं असतात. मग चोचीत आडवे मासे धरून भराभर येणारे पफिन, म्हणजे ज्या छायाचित्रासाठी लोक येतात ते दृश्य, मिळू लागतं. शिवाय अजून वीण न करणारे तरुण पक्षीही याच सुमारास जागा हेरत हिंडत असतात, म्हणून गर्दी सगळ्यात जास्त. पिलू आणखी सहा आठवड्यांनी रात्रीच्या अंधारात, आईबापांशिवाय, एकटंच समुद्राकडे निघून जातं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यानंतर लुंगाचं तिकीट पफिनसाठी काढू नये. तेव्हा उतार रिकामे असतात.

पण एकट्या पफिनचा हिशेब करून चालत नाही. कड्यांवर वीण करणारे गिलेमॉट आणि रेझरबिल हे समुद्रपक्षी जुलैच्या मध्यापासून कडा सोडायला लागतात आणि महिनाअखेरीस कडे ओस पडतात. जुलैच्या शेवटी गेलात तर पफिन मिळतील, पण अर्धं बेट गेलेलं असेल. दोन्ही हवं असेल तर मेचा शेवटचा आठवडा ते १० जुलै हा काळ धरा. मासे आणि कडा दोन्ही पुरते हवे असतील तर १५ जून ते ५ जुलै. याच काळात दिवस सगळ्यात मोठा असतो आणि राहण्याच्या जागाही सगळ्यात आधी संपतात.

दोन तासांची वाटणी अशी करावी. चढ संपतो तिथेच, अगदी पायवाटेला लागून, पफिनची पहिली वसाहत आहे. पक्षी दोन-तीन मीटरवर उभे असतात आणि हलत नाहीत. बोटीतली चारातली तीन माणसं इथेच खाली बसतात. तुम्ही पाच मिनिटं पाहा आणि पुढे चला. पायवाट जुन्या वस्तीच्या भिंतींजवळून आणि उतारांच्या कडेकडेने जाते. न थांबता पंधरा-वीस मिनिटांत तुम्ही हार्प रॉकसमोर येता. स्थानिक गेलिक भाषेत त्याचं नाव डून क्रूत. हा मुख्य बेटापासून अरुंद घळीने तुटलेला सुळका आहे, आणि त्याच्या प्रत्येक कपारीवर, प्रत्येक बोटभर कंगोऱ्यावर पक्षी बसलेले असतात. हजारो गिलेमॉट, त्यांच्यात रेझरबिल, खाली किटिवेक या छोट्या कुरवांची घरटी. आधी कानावर आवाज येतो, मग नाकात अमोनियाचा उग्र दर्प, आणि मग समोर तो सुळका. घळीच्या अलीकडच्या काठावर बसलं की समोरचे पक्षी डोळ्यांच्या पातळीवर असतात. युरोपात बऱ्याच ठिकाणी समुद्रकडे वरून खाली वाकून किंवा बोटीतून मान वर करून पाहावे लागतात. इथे समोरासमोर बसून पाहता येतं, आणि लुंगाचं खरं मोल मला इथे वाटतं. काठाला कठडा नाही. कडेपासून दोन मीटर मागे, बसूनच पाहावं, आणि मुलांचा हात सोडू नये.

इथे चाळीस मिनिटं द्या. मग त्याच वाटेने परत येऊन उरलेला वेळ पहिल्या वसाहतीपाशी पफिनसोबत बसा. तोवर गर्दी पांगलेली असते, उजेड थोडा कललेला असतो, आणि मुख्य म्हणजे तुम्ही बोटीपासून दहा मिनिटांवर असता. परतीची वेळ कप्तान उतरतानाच सांगतो. ती मोबाइलमध्ये गजर लावून ठेवा आणि पंधरा मिनिटं आधी दगडगोट्यांकडे निघा. घाईने उतरणारी माणसंच तिथे पडतात. उलटा क्रम, म्हणजे आधी पफिन आणि मग हार्प रॉक, घेणाऱ्यांची शेवटी धावपळ होते आणि सुळक्यासमोर जेमतेम दहा मिनिटं मिळतात.

पफिन माणसाला घाबरत का नाहीत? बोटवाले सांगतात की माणसं आली की मोठे कुरव आणि स्कुआ हे लुटारू समुद्रपक्षी लांब राहतात, आणि पफिन त्या संरक्षणाचा फायदा घेतात. शांत बसून पाहिलं तर हे पटतं. लोक वर आल्यावर थोड्याच वेळात समुद्रावर तरंगणारे थवे उठून उतारावर यायला लागतात. मासे घेऊन येणाऱ्या पफिनवर कुरव झडप घालतात, म्हणून तो हवेतून थेट बिळाच्या तोंडाशी उतरतो आणि क्षणात आत गडप होतो. त्याच्या जिभेवर आणि टाळूवर मागे वळलेले काटे असतात. पकडलेला मासा त्यांवर जिभेने दाबून धरला की चोच पुन्हा उघडून पुढचा पकडता येतो. दहाएक मासे एका फेरीत आणणं त्याला सहज जमतं. चोचीवरचे झगझगीत रंग विणीपुरतेच असतात. हंगाम संपला की बाहेरचे रंगीत पापुद्रे गळून पडतात आणि हिवाळ्यात पक्षी करड्या चेहऱ्याने समुद्रावर राहतो.

आता बसण्याविषयी, आणि हा मजकूर घाईने वाचू नका. पफिन जमिनीत साधारण हातभर ते मीटरभर लांब बीळ करतात. काही बिळं सशांनी कोरलेली असतात, ती ते बळकावतात. ससे गवत आखूड राखतात, त्यामुळे जमीन वरून बागेतल्या हिरवळीसारखी दिसते आणि आतून पोखरलेली असते. कडेला वरची माती जेमतेम वीतभर जाडीची असते. तिच्यावर पाऊल पडलं तर पाय आत जातो, छत कोसळतं, आणि खाली वर्षातलं एकमेव अंडं किंवा पिलू असतं. पुन्हा अंडं घालण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते, म्हणजे त्या जोडीचं वर्ष वाया. म्हणून तुडवलेली पायवाट सोडायची नाही, आणि बसायचं ते पायवाटेवर किंवा उघड्या खडकावर. चांगली चौकट मिळावी म्हणून उतारावर आडवं झोपणारे छायाचित्रकार दरवर्षी दिसतात. ते ज्यावर झोपतात ते बहुधा कुणाच्या तरी घराचं छप्पर असतं.

दुसरी खूण. चोचीत मासे घेतलेला पफिन तुमच्या डोक्यावरून एकदा, दोनदा, तीनदा फिरतो आणि उतरत नाही, तर तुम्ही त्याच्या दारात बसला आहात. उठा आणि पाच मीटर बाजूला व्हा. तो लगेच उतरेल. न उठल्यास एक तर मासे कुरवाच्या पोटात जातात किंवा पिलाची ती फेरी चुकते.

पफिन सोडून बाकीचे ओळखायला सोपे आहेत. गिलेमॉट चॉकलेटी-काळा, उभा, टोकदार चोचीचा. त्यांच्यातल्या काहींच्या डोळ्याभोवती पांढरं कडं आणि मागे गेलेली पांढरी रेघ असते, चष्म्याच्या काडीसारखी. ती वेगळी जात नव्हे, त्याच जातीचं रूप आहे. तो घरटं बांधत नाही, उघड्या खडकावर एकच अंडं घालतो. अंडं एका टोकाला निमुळतं असतं आणि त्या आकारामुळे उतारावर स्थिर राहतं, असा अलीकडच्या अभ्यासाचा कल आहे. प्रत्येक मादीच्या अंड्याचा रंग आणि नक्षी निराळी, म्हणून त्या दाटीवाटीत आपलं अंडं ओळखता येतं. पिलू तीन आठवड्यांचं झालं की, पंख अजून उडण्याजोगे नसतानाच, संध्याकाळच्या सुमारास कड्यावरून समुद्रात उडी घेतं. खाली बाप वाट पाहत असतो आणि पुढचे कित्येक आठवडे तोच त्याला सांभाळतो. रेझरबिल अधिक काळा, जाड चपटी चोच, तिच्यावर उभी पांढरी रेघ. किटिवेक हा छोटा कुरव, स्वतःचं नाव घेतच ओरडतो. शॅग म्हणजे आपल्या पाणकावळ्याचा भाऊबंद, हिरवट चमकीचा आणि विणीच्या काळात डोक्यावर तुरा असलेला. तो वाटेच्या अगदी कडेला, मोठ्या धोंड्यांच्या फटीत घरटं करतो आणि जवळ गेलात की मान लांब करून फिसकारतो. फुलमार या समुद्रपक्ष्यापासून मात्र तीन मीटर दूरच राहा. तो पोटातलं दुर्गंधी तेल नेम धरून फेकतो, आणि कपड्यातला तो वास अनेक धुण्यांनीही जात नाही.

एक पक्षी तुम्हाला दिसणार नाही, पण तो तुमच्या पायाखालीच असेल. स्टॉर्म पेट्रेल. चिमणीहून किंचित मोठा, वजन जेमतेम २५ ग्रॅम. किनाऱ्यावरच्या दगडगोट्यांच्या पोकळ्यांत आणि पडक्या घरांच्या भिंतींत तो घरटं करतो आणि फक्त रात्री ये-जा करतो. भिंतीजवळ थांबलात तर कस्तुरीसारखा उग्र वास येऊ शकतो, तो त्याचाच. तेव्हा भिंतीचा दगड उचलू नका, दगडांचे मनोरे रचू नका.

याच छोट्या पक्ष्यासाठी निघण्यापूर्वी पिशव्या झटकून तपासायच्या. आधी धान्यगोदामात किंवा शेडमध्ये ठेवलेली पिशवी असेल तर नक्कीच. अशा बेटावर उंदीर पोचले तर जमिनीत आणि फटीत घरटं करणारे पक्षी संपतात. स्कॉटलंडच्याच शियांट बेटांवर उंदरांचं निर्मूलन करायला २०१५-१६चा अख्खा हिवाळा खर्ची पडला. २०१८ मध्ये ती बेटं उंदीरमुक्त जाहीर झाली आणि स्टॉर्म पेट्रेल तिथे पुन्हा वीण करू लागले. बूटही धुऊन कोरडे करून आणा. २०२१-२२च्या बर्ड फ्लूने ब्रिटनच्या समुद्रपक्ष्यांची मोठी हानी केली. नंतरच्या मोजणीत ग्रेट स्कुआ ७६ टक्क्यांनी घटलेले आढळले. मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका, बोटवाल्यांना जागा सांगा.

मासे कमी झाले तर हे सगळं उभंच राहत नाही. पफिनचं पिलू मुख्यतः सँडईल या बारीक, चरबीदार माशावर वाढतं. मार्च २०२४ मध्ये इंग्लंडच्या उत्तर समुद्रात आणि स्कॉटलंडच्या सगळ्या पाण्यात सँडईलची व्यापारी मासेमारी बंद झाली. युरोपीय संघाने त्यावर लवादात दाद मागितली आणि मे २०२५मध्ये जाहीर झालेल्या निकालात स्कॉटलंडची बंदी टिकली. कड्यावर बसून मासे आणणारे पक्षी मोजताना हा निर्णय किती मोलाचा आहे ते कळतं.

कॅमेऱ्याविषयी थोडक्यात. ६०० मिलिमीटरचं तोफेएवढं भिंग दगडगोट्यांवरून नेण्यात काही मिळत नाही. ७०-३०० किंवा १००-४०० पुरते, आणि अर्धी चांगली छायाचित्रं ७० ते १५० मध्येच येतात, कारण पक्षी जवळ असतो. एक रुंद कोनाचं भिंग खिशात ठेवा. पक्षी, कडा आणि समुद्र एका चौकटीत येतो तो त्याच्यामुळे. पांढरी छाती उन्हात नुसती पांढरीफटक उमटते, म्हणून प्रकाशमान (एक्स्पोजर) दोन-तृतीयांश स्टॉपने कमी ठेवा. उडत्या पफिनसाठी १/२००० सेकंद किंवा त्याहून वेगवान, कारण तो मिनिटाला चारशेच्या आसपास पंख मारतो. फ्लॅश नाही. ड्रोन तर नाहीच : घाबरून एकदम उडालेल्या गिलेमॉटच्या झुंडीबरोबर अंडी कड्यावरून खाली जातात. दुर्बीण ८×४२ घ्या. हलत्या बोटीवर १० पटीच्या दुर्बिणीत चित्र स्थिर राहत नाही.

खाणं बरोबर न्यावं. टोबरमोरीत को-ऑप नावाचं किराणा दुकान आहे. मलवर शाकाहारी माणसाने वाटेत काहीतरी मिळेल यावर विसंबू नये. हाताला तेल न लागणारं, एका घासात खाता येणारं न्या. मेथीचे ठेपले उत्तम. खरकटं, सालं, बियासुद्धा परत आणायच्या. एका बिस्किटाच्या तुकड्याने कुरव गोळा होतात आणि त्यांची नजर मग पफिनच्या पिलांवर जाते.

स्टाफावरचा तास. बहुतेक जण फिंगलच्या गुहेकडे जातात. बेसाल्टच्या स्तंभांच्या पायऱ्यांवरून, दोरीचा कठडा धरून, आत जाता येतं. दरड किंवा लाट असेल तर वाट बंद असते. मराठी वाचकाला हा खडक परका नाही. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी अशाच स्तंभांची आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची. स्टाफाचा लाव्हा सुमारे ६ कोटी वर्षांचा. अंधेरीतले स्तंभ उभे आणि तुटक आहेत, इथे समुद्राने त्यांच्या पोटात खोल गुहा कोरली आहे. पण ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते : स्टाफावरही पफिनची वसाहत आहे. धक्क्यावरून जिना चढून वर आलात की गुहेच्या विरुद्ध दिशेने चालत जा, दहा-पंधरा मिनिटांत कड्याच्या टोकाशी ते भेटतात आणि तितकेच जवळ येतात. म्हणजे तुम्हाला फक्त पफिन जवळून पाहायचा असेल, किंवा घरातल्या ज्येष्ठांना दगडगोटे झेपणार नसतील, तर स्वस्त असलेली नुसत्या स्टाफाची सहल पुरते. जोडसहलीचे जादा पैसे हे हार्प रॉकचे आणि दोन तासांच्या निवांतपणाचे आहेत. कडा पाहायला जाणार नसाल तर ते देऊ नका.

कोकणातून आलेले वाचक विचारतात, आपल्याकडे असं का नाही? आपल्याकडे वेंगुर्ला रॉक्स ही समुद्रातली खडकाळ बेटं आहेत. तिथे ब्रिडल्ड सुरय वीण करतात आणि गुहेत पाकोळ्यांची वसाहत आहे, जिच्या घरट्यांची चोरी होत असे. तिथे अशी उतरवणारी सहल सुरू व्हावी असं मला मुळीच वाटत नाही. लुंगावर हे जमतं कारण इथे पायवाट आखलेली आहे, वेळ बांधलेला आहे आणि दिवसाला मोजक्याच बोटी येतात. एवढी शिस्त आधी आणि पर्यटक नंतर, हा क्रम उलटला तर पक्षी राहत नाहीत.

ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना तोल सांभाळणं कठीण जातं, किंवा ज्यांच्याबरोबर पाच वर्षांखालचं मूल आहे, त्यांनी लुंगाचा हट्ट धरू नये. चाकाच्या खुर्चीने तर उतरताच येत नाही. त्यांच्यासाठी इंग्लंडच्या यॉर्कशर किनाऱ्यावरचं बेम्प्टन क्लिफ्स आहे. तिथे बोटीने जावं लागत नाही, कठडे असलेले सज्जे आहेत, गिलेमॉट, रेझरबिल, पफिन आहेत, शिवाय गॅनेट या मोठ्या समुद्रपक्ष्यांची मोठी वसाहत. पफिन मात्र कड्याच्या फटीत, दुरून दिसतात.

पोचण्याचं गणित : ग्लासगो क्वीन स्ट्रीटवरून आगगाडीने ओबन, साधारण तीन तास. ओबनहून कॅलमॅक कंपनीची फेरीबोट मलवरच्या क्रेगन्यूअरला, पाऊण-एक तास. गाडी नसेल तर फिनफोर्टहून सुटणारी सहल घ्या, कारण क्रेगन्यूअर ते फिनफोर्ट ९६ क्रमांकाची बस फेरीच्या वेळा सांभाळून धावते आणि सव्वा तासात पोचवते. अल्वा फेरीला स्वतःच्या गाडीशिवाय जाणं अवघड. गाडी असेल तर क्रेगन्यूअरहून अल्वा फेरीला निदान एक तास धरा. अंतर कमी आहे, पण रस्ता एकपदरी, समोरून गाडी आली की जवळच्या रुंद जागेत थांबायचं. मेंढ्या रस्त्यावरच बसलेल्या असतात. उन्हाळ्यात फेरीवर गाडीची जागा कित्येक आठवडे आधी संपते, पायी प्रवाशाला बहुधा मिळते. म्हणून क्रम असा : आधी मलवरची राहण्याची जागा, लगेच फेरीवर गाडीची जागा, मग सहलीचं तिकीट.

सहलीचं तिकीट मलवरच्या मुक्कामाच्या पहिल्या पूर्ण दिवसाचं काढा, शेवटच्या दिवसाचं नाही. लाटेमुळे सहल रद्द झाली तर बोटवाले सहसा दुसरा दिवस किंवा पैसे परत देऊ करतात, पण दुसरा दिवस घ्यायला तुम्ही बेटावर असायला हवं. तीन रात्रींचा मुक्काम असेल तर निदान एकदा तरी उतरता येण्याची शक्यता चांगली असते. आदल्या संध्याकाळी आणि सकाळी निघण्यापूर्वी फोन करून विचारा, आणि प्रश्न असा विचारा : ‘बोट जाणार का’ नव्हे, ‘लुंगावर उतरता येणार का’. उतरता येणार नसेल तर त्या दिवशी बोट बेटांभोवती फेरी मारून आणते. ती समुद्राची सहल म्हणून छान आहे, पण तिच्यासाठी जोडसहलीचा दिवस खर्च करू नका. तारीख पुढे ढकलून घ्या.